राणीच्या गळ्यातला हार

नॅनच्या घरी चहा प्यायला गेलं की मला ठरलेला मग मिळतो. १९८१ सालचा. एका बाजूला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला डायना, खाली तारीख, २९ जुलै. कडेची सोनेरी रेघ ओठ लागून लागून पुसट झाली आहे आणि डायनाच्या गालावरून एक बारीक तडा पार कानापर्यंत गेला आहे. अजून गळत नाही. नॅन स्वतः त्या मगातून पीत नाहीत, आल्यागेल्याला देतात. आपल्याकडे पाहुण्याला चांदीच्या पेल्यातून पाणी द्यायचे, तसं.

नॅन म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. मुलं लहानपणापासून त्यांना नॅन म्हणतात, मग आम्हीही म्हणू लागलो. आम्ही २००६ पासून इंग्लंडमधल्या स्लाव (Slough) या गावात राहतो. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की झाडांच्या शेंड्यांवरून विंडसरच्या किल्ल्याचा गोल बुरूज दिसतो. राणी मुक्कामाला असली की त्यावर वेगळा झेंडा लागायचा, आणि नॅन सकाळी दूध आत घेताना तो बघून म्हणायच्या, "आल्या बरं का घरी." घरच्या माणसाबद्दल बोलावं अशा सुरात. मला त्या सुराचं फार नवल वाटायचं, कारण मी ज्या घरात वाढले तिथे 'राजा' या शब्दाला एकच चेहरा होता, निजामाचा.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठाला. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचं आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारताचं. पावसाळा सोडला तर त्या नदीत कमरेएवढं पाणी. आजी सांगायची, पलीकडच्या गावात झेंडा लागला, लाडू वाटले, आणि आम्ही अलीकडून ते बघत होतो.

ही नदी पुढे येईल. आधी विंडसर.

१९ मे २०१८ ला हॅरी आणि मेगनचं लग्न झालं. नॅन तेव्हा ८३ वर्षांच्या. आठवडाभर आधी दारात येऊन म्हणाल्या, "मला एकटीला गर्दीत जमायचं नाही आता. येशील?" मी त्यांच्यासाठी गेले. भल्या पहाटे निघालो. घडीच्या दोन खुर्च्या, थर्मास, त्यांचा काकडीच्या सँडविचचा डबा आणि माझा पोह्यांचा. किल्ल्याच्या फाटकापासून सरळसोट धावणारा लाँग वॉक नावाचा रस्ता आहे, अडीच मैलांहून लांब, दोन्ही बाजूंना झाडं. तिथे मोठे पडदे लावले होते. काही माणसं दोन-दोन रात्री फुटपाथवर झोपून जागा धरून बसलेली. ऊन असं लख्ख पडलं होतं की दहा वाजता लोकांनी झेंड्यांच्या टोप्या करून डोक्यावर घेतल्या.

आमच्या शेजारी एक काळी बाई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी होती. मुलीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. पडद्यावर मेगनची आई दिसली, चर्चमध्ये आपल्या बाजूच्या रांगेत एकटीच बसलेली, नाकात नथनी, केसांच्या बारीक बटा टोपीखाली बांधलेल्या. ती पोर एकदम उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ही आजीसारखी दिसते." पुढे अमेरिकेतून आलेले बिशप मायकल करी प्रवचन करू लागले. प्रेमाबद्दल बोलताना गुलामगिरीत जगलेल्या आपल्या पूर्वजांबद्दल बोलू लागले, आणि ती बाई तोंडावर हात धरून रडायला लागली. नॅननी आपला रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला, तिच्याकडे न बघता. वधूच्या पाच मीटर लांब ओढणीवर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरलेली होती, त्यात आपलं कमळही होतं. लोकांनी आहेर पाठवू नयेत, त्याऐवजी सात संस्थांना देणग्या द्याव्यात असं त्या दोघांनी सांगितलं होतं, आणि त्या सातांत मुंबईच्या वस्त्यांमध्ये सॅनिटरी पॅड तयार करणाऱ्या बायकांची मैना महिला फाउंडेशनही होती. हे कळल्यावर मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

अशा गर्दीला भाबडी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मी लग्नाच्या गावची माणूस आहे. आमच्याकडे मांडवात वरात आली की अख्खं गाव नवरी बघायला जातं. ज्याचं त्या घराशी पटत नाही तोही जातो, आणि कोणीही मांडवात खर्चाचा हिशेब मागत नाही. या देशात मांडव नाहीत. वीस वर्षं शेजारी राहून एकमेकांची नावं ठाऊक नसतात. २०११ साली विल्यम आणि केटचं लग्न होतं तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास गल्ल्यांनी रस्ता बंद करून जेवणावळी घालायची परवानगी मागितली. त्यातली एक आमची. रस्त्याच्या मधोमध घराघरांतली टेबलं एकाला एक लावली, वर कुणाच्या तरी पडद्यांचं कापड अंथरलं. मी दोनशे बटाटेवडे तळले. समोरचे काका पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले आणि वड्यात काय घालतेस ते लिहून घेऊन गेले. राजेशाहीची किंमत काय आणि मोल काय असा प्रश्न कोणी विचारला की मला ते टेबल आठवतं. ते मोल मी हातांनी वाढलं आहे. ते नाकारून पुढे काही लिहिण्यात अर्थ नाही.

तरीही मला राजेशाही नको आहे. हे नॅनला मी २०१८ च्या त्या लग्नाच्याच संध्याकाळी सांगितलं.

झालं असं की परतताना बसला उशीर होता. नॅन थांब्यावरच्या बाकावर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सैल करत म्हणाल्या, "माझं हे चौथं मोठं लग्न. पहिलं तिचंच." तिचं म्हणजे एलिझाबेथचं. २० नोव्हेंबर १९४७. नॅन तेव्हा बारा वर्षांच्या. युद्ध संपून दोन वर्षं झालेली, पण रेशन उलट जास्त कडक झालं होतं. त्याच महिन्यात बटाटेही मोजून मिळू लागले होते. कपडे कूपनवर. राजकन्येलाही लग्नाच्या पोशाखासाठी कूपनंच लागली, सरकारने तिला जादा दिली. ते कळल्यावर देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं टपालाने पाठवून दिली, आणि दुसऱ्याची कूपनं वापरणं बेकायदेशीर म्हणून ती परत करावी लागली. नॅनच्या आईनेही दोन पाठवली होती. तीही आभाराच्या चिठ्ठीसह परत आली. ती चिठ्ठी आईने मरेपर्यंत बायबलमध्ये ठेवली. "आमच्याकडे तेव्हा काहीच नव्हतं गं. रंगच नव्हता कशाला. सगळं करडं." चर्चिलही त्या लग्नाबद्दल तेच म्हणाला होता, खडतर वाटेवर चमकून गेलेला रंग. नॅन आईबरोबर पहाटेपासून उभ्या होत्या, पायाखाली फळांची रिकामी पेटी. बग्गी आली आणि गेली. त्यांना दिसला तो एक पांढरा हातमोजा आणि काचेवर धरलेलं धुकं. तेवढ्यावर त्यांनी ७० वर्षं काढली.

त्या बोलत होत्या आणि मी मनात दिवस मोजत होते.

१९४७ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. माझी आजी तारीख कधी सांगत नसे, तिला ठाऊकही नव्हती. ती म्हणायची, दिवाळी नुकती झाली होती, कापूस वेचणीला आला होता. आजोबा ऑगस्टमध्येच तुरुंगात गेलेले, तिरंगा लावला म्हणून. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेला ओ देऊन मराठवाड्यातली हजारो साधी माणसं तुरुंगात गेली, त्यातले एक. निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार गावोगाव फिरायला लागले होते. एका रात्री बातमी आली आणि आजी माझ्या मोठ्या काकांना कडेवर घेऊन निघाली. "अंगावरच्या लुगड्यानिशी निघालाव माय. चूल तशीच पेटलेली व्हती." पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला. थंडीतलं पाणी कमरेपर्यंत, डोक्यावर पोर. तो त्याच आठवड्यातला दिवस की पुढच्या, मला सांगता येत नाही. पण एक बारा वर्षांची मुलगी लंडनमध्ये फळांच्या पेटीवर उभी राहून हातमोजा बघत होती आणि एक विशीतली बाई नदीत उभी होती, ते एकाच कापणीच्या दिवसांतलं.

आणि त्या दोघींमध्ये एक हार आहे.

हे मला कळलं २०१४ साली. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतल्या एका समारंभाला केट हिऱ्यांचा हार घालून गेली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोखाली नाव होतं: निजाम ऑफ हैदराबाद नेकलेस. मी कामावर होते, जेवणाच्या सुट्टीत पेपर चाळत होते. ते नाव मी तीनदा वाचलं. एलिझाबेथच्या लग्नाचा आहेर म्हणून निजामाने कार्टिए या जवाहिऱ्यांच्या लंडनच्या दुकानात निरोप दिला होता, राजकन्येला हवं ते तिने निवडावं. तिने एक मुकुट आणि एक हार निवडला. मुकुट पुढे १९७३ साली मोडून त्याचा दुसरा केला, हार मात्र मोडला नाही. चित्रात बघाल तर सुंदर आहे. मध्यभागी पेरूच्या फोडीसारखं लोंबणारं पदक, त्याला पाणीदार थेंब.

त्या वेळी निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणत. त्याने जूनमध्येच जाहीर केलं होतं की इंग्रज गेले की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, आपलं राज्य स्वतंत्र राहील. ब्रिटिश राजमुकुटाशी त्याला थेट नातं हवं होतं. राज्यातला सुमारे दहावा हिस्सा मुलूख 'सर्फ-ए-खास', म्हणजे त्याची खाजगी जहागीर. तिथला शेतसारा सरकारी तिजोरीत न जाता सरळ त्याच्या खिशात. त्यात मराठवाड्यातलीही गावं होती. त्या हारातला कुठला हिरा कुठल्या कापसाचा, कुठल्या ज्वारीचा, हे कोण सांगणार. पण ज्याने तो दिला त्याच्याकडे देण्यासारखं जे काही होतं ते आमच्या शेतांतून आलेलं होतं.

त्याच लग्नात आपल्याकडून आणखी एक आहेर गेला होता. माउंटबॅटनने सुचवलं म्हणून गांधीजींनी स्वतः चरख्यावर सूत कातलं आणि त्या सुताचा जाळीदार रुमाल विणून पाठवला गेला. मध्यभागी अक्षरं, जय हिंद. सगळे आहेर सेंट जेम्स राजवाड्यात मांडून ठेवले होते, अडीच हजारांच्या आसपास. राजकन्येची आजी, राणी मेरी, तो रुमाल पाहून चिडली. तिला वाटलं हा गांधींचा पंचा आहे. एका टेबलावर आमच्या राजाचे हिरे आणि दुसऱ्यावर, माझे आजोबा ज्यांचं नाव घेऊन तुरुंगात गेले, त्यांच्या हातचं सूत.

बस यायला वीस मिनिटं होती. मी नॅनना हे सगळं सांगितलं. नदी, चूल, हार, सूत. इंग्रजीत सांगताना माझा आवाज एकदोनदा अडकला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तुझी आजी परत घरी गेली का?"

"गेली. पुढच्या वर्षी. सतरा सप्टेंबरला निजाम शरण आला, त्यानंतर."

"घर होतं?"

"भिंती होत्या. दारं नव्हती."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. कागदी झेंडा त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

आमच्या घरात या विषयावर एकमत नाही. नवरा कोल्हापूरचा. त्याच्यासाठी राजा म्हणजे शाहू महाराज, आणि त्यांचं नाव घेताना तो बसलेला असला तर सावरून बसतो. "सगळे राजे एका मापाने मोजू नकोस," तो म्हणतो. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज लंडनला आले होते, आणि त्याच वर्षी २६ जुलैला करवीर संस्थानात मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. राजघराण्यातलं लग्नही कसं असावं ते त्यांनी दाखवलं. कागलच्या घाटग्यांची मुलगी आणि इंदूरच्या होळकरांचा राजपुत्र, म्हणजे मराठा आणि धनगर, अशी सोयरीक त्यांनी जुळवून आणली. ते लग्न १९२४ मध्ये झालं तेव्हा महाराज हयात नव्हते. पण राजघराण्याने जातीबाहेर सोयरीक केली, तर गावच्या पाटलाला 'आमच्यात असलं चालत नाही' म्हणायला तोंड राहत नाही. लग्नातून राजा एवढं करू शकतो हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच की त्याच वर्षांत, त्याच मराठी मुलखात, कोल्हापूरच्या पोराला शाहू महाराज मिळाले आणि नांदेडच्या पोराला निजाम मीर उस्मान अली. दोघांनीही निवडलं नव्हतं. माझ्या आजीने काय पाप केलं होतं?

यावर इथली माणसं सांगतात की आमचा राजा तसा नाही, त्याच्या हातात सत्ताच नाही. बरंचसं खरं आहे. पण अगदी खरं नाही. त्याच्या खाजगी हिताला हात लावणारं विधेयक संसदेत असेल तर आधी त्याची संमती घेतात. युवराजाला डची ऑफ कॉर्नवॉल नावाची जहागीर आहे, तिचं उत्पन्न वर्षाला दोन कोटी पौंडांच्या वर, आणि राजाला डची ऑफ लँकेस्टर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, सर्फ-ए-खासच की. सरकारकडून मिळणारं अनुदान वेगळं. २०२४-२५ मध्ये ते ८ कोटी ६३ लाख पौंड होतं, आणि पोलीस बंदोबस्ताचा खर्च त्यात धरतच नाहीत.

पैशावर मात्र माझं मन फारसं अडत नाही. मोठ्या देशाच्या हिशेबात ही रक्कम लहान आहे, आणि राष्ट्राध्यक्ष निवडला तरी त्याला राहायला घर लागेलच. माझं मन अडतं ते लग्नाच्या मूळ कारणापाशी. राजाच्या घरचं लग्न सार्वजनिक का, तर त्यातून वारस येतो. सगळी बग्गी, सगळी ओढणी, दोन दिवस फुटपाथवर झोपलेली सगळी माणसं, ही एका न जन्मलेल्या बाळाच्या पदासाठी. म्हणून तर १७७२ पासून कायदा होता की राजघराण्यातल्यांनी राजाच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. तो २०१५ मध्ये सैल झाला, आता गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांपुरतीच परवानगी लागते. पण लागते. आठव्या एडवर्डला १९३६ मध्ये घटस्फोटित बाईशी लग्न करायचं म्हणून गादी सोडावी लागली. एलिझाबेथच्या बहिणीने, मार्गारेटने, १९५५ मध्ये पीटर टाउनसेंडशी लग्न न करण्याचं निवेदन काढलं, कारण तो घटस्फोटित. आणि मगावरची ती मुलगी लग्नात वीस वर्षांची होती. नॅन म्हणतात, सेंट पॉलच्या पायऱ्यांवर तिच्या झग्याचा पंचवीस फुटांचा घोळ चुरगळलेला दिसला तेव्हाच त्यांच्या पोटात गलबललं. त्या उन्हाळ्यात ब्रिक्स्टनमध्ये आणि टॉक्स्टेथमध्ये दंगली झालेल्या, पंचवीस लाखांहून जास्त माणसं बेकार. देशाला लग्न हवं होतं. वीस वर्षांच्या पोरीकडून देशाला काय काय हवं होतं!

लोकमताचं म्हणाल तर ते या घराण्याला जितकं कळतं तितकं भल्याभल्या पुढाऱ्यांना कळत नाही. कॅमिलाचंच बघा. डायना गेल्यावर या देशात तिचं नाव काढायची सोय नव्हती. २००५ च्या एप्रिलमध्ये चार्ल्सने तिच्याशी लग्न केलं ते विंडसरच्या नगरगृहात, नोंदणी पद्धतीने. पोपच्या अंत्यविधीमुळे एक दिवस पुढे ढकलून. तिला राणी म्हणणार नाही असं तेव्हा लोकांना सांगितलं गेलं, आणि सतरा वर्षांनी ती राणी झाली. त्या लग्नाला मुंबईचे दोन डबेवाले पाहुणे म्हणून आले होते. २००३ मध्ये चार्ल्सने चर्चगेटला त्यांची भेट घेतली होती, त्या ओळखीवर निमंत्रण. त्यांनी तिच्यासाठी साडी आणि त्याच्यासाठी फेटा आणला. घामाच्या पैशांतून वर्गणी काढून घेतलेला आहेर. मावळातला माणूस कुणाच्या लग्नाला रिकाम्या हाताने जात नाही. त्या आहेरापुढे मला निजामाचा हार फिका वाटतो.

आकडे सांगायचे तर बहुतेक चाचण्यांत राजेशाही राहावी म्हणणारे साठ-बासष्ट टक्क्यांच्या घरात असतात. पंचविशीच्या आतल्यांत ते निम्म्याहून खाली येतात, तिथे दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या. माझी लेक त्यांतली. २०१८ च्या लग्नाआधी तर दोन-तृतीयांश लोकांनी चाचणीत सांगितलं होतं की या लग्नात आम्हाला रस नाही. प्रत्यक्षात एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. यात मला विसंगती दिसत नाही. माणसं लग्न बघतात. त्यावरून ती गादीला कौल देतात असं धरणं म्हणजे वरातीत नाचलेल्या प्रत्येकाला नवऱ्यामुलाचा जामीन धरण्यासारखं आहे.

आता शपथेबद्दल. २०१२ मध्ये मी ब्रिटिश नागरिक झाले. मुलं इथे वाढत होती, नोकरी इथे, म्हातारपण इथेच जाणार हे दिसत होतं. नगरपालिकेच्या सभागृहात तीसेक जण होतो. भिंतीवर राणीचा फोटो, पुढे तलवार लावलेले एक वयस्क गृहस्थ, राणीचे प्रतिनिधी. छापील वाक्य एकेक तुकडा करून म्हणायचं होतं. राणी एलिझाबेथ दुसरी, तिचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी मी कायद्याला धरून एकनिष्ठ राहीन. देवाची शपथ घ्यायची की नुसतं प्रतिज्ञेवर सांगायचं हे आपण निवडायचं. मी प्रतिज्ञा निवडली. 'वारस' या शब्दाशी माझा घसा कोरडा पडला. डोळ्यांपुढे आजोबा आले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले. एका राजाला एकनिष्ठ राहायचं नाकारून ते वर्षभर तुरुंगात बसले, आणि मी त्यांची नात. तरी मी ते वाक्य पुरं केलं, स्पष्ट आवाजात. दिलेला शब्द मी पाळते. 'कायद्याला धरून' हे दोन शब्द त्यात आहेत, आणि राजेशाही संपावी असं सनदशीरपणे म्हणणं या देशात कायद्याला धरूनच आहे. घरी येऊन मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही.

६ मे २०२३. चार्ल्सचा राज्याभिषेक. सकाळी नवऱ्याने शाहू महाराजांच्या तसबिरीला हार घातला, कारण सहा मे हा त्यांचा स्मृतिदिन. मग मी शेजारी गेले. नॅन आता ८८ च्या, बाहेर फारसं पडवत नाही. बाहेर पाऊस. टीव्ही लावला, मला मग मिळाला.

त्या वेळी एक वाद झाला होता. समारंभात सगळ्या जनतेने घरात बसल्या जागी एकनिष्ठतेची शपथ मोठ्याने म्हणावी असं आवाहन आधी छापून आलं होतं. लोकांना ते रुचलं नाही, बरीच टीका झाली, आणि आवाहनाचं मवाळ निमंत्रण झालं. तो क्षण आला. आर्चबिशप बोलू लागले. नॅन पुढे झुकून ऐकत होत्या. ओठ हलले नाहीत.

"मी हे आयुष्यात कधी म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे जन्मले ना. मला कोणी विचारलंच नाही. तू म्हटलंयस, नाही का?"

"हो. अकरा वर्षं झाली."

"काय असतं? हळू सांग."

मी सांगितलं, तुकडा तुकडा करून. राजाचं नाव, त्याचे वारस, उत्तराधिकारी, कायद्याला धरून. पडद्यावर विल्यमचा थोरला, जॉर्ज, लाल कोट घालून आजोबांच्या झग्याचा काठ धरून चालत होता. नऊ वर्षांचा. पाय जपून टाकत होता, चुकू नये म्हणून.

"वारस म्हणजे हे पोरगं," नॅन म्हणाल्या.

"हो."

"त्याला विचारलंय का कुणी?"

मी काही बोलले नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, तो चौकटीबाहेर जाईपर्यंत. मग माझ्या हातातला मग घेऊन, भिंतीचा आधार घेत, स्वयंपाकघरात गेल्या. चहा गार झाला होता.